पुन्हा घडलं

१

सकाळची कामं उरकली की मी साडेअकराला टेबलाशी बसायचे. समोर गोळ्यांचा डबा, आणि डब्याच्या वायरीला जोडलेला नातीचा जुना लॅपटॉप. गोळ्या साखरेच्या, खोट्या. डबा मात्र खरा होता.

डबा नातीने बनवलेला. म्हणजे त्याचं प्लास्टिक कारखान्यात झालं, पण त्याच्या डोक्यात जे काय भरलं होतं ते तिने लिहिलं. सात वारांचे सात कप्पे. वेळ झाली की त्या वाराचं झाकण आपोआप उघडायचं, डबा माणसासारखा बोलायचा, "गोळीची वेळ झाली," आणि थोड्या वेळाने विचारायचा, "घेतलीत का?" हो म्हटलं की झाकण बंद. एकट्या राहणाऱ्या, विसराळू म्हाताऱ्या माणसांसाठी हा खटाटोप. दोन आठवड्यांनी, शनिवारी, पहिले चाळीस डबे चाळीस घरांत जायचे होते.

नातीला घरात भिंगरी म्हणतात. लहानपणी एका जागी बसली तर शपथ. पण तीन महिने हीच भिंगरी खुर्चीला खिळली होती. रात्रीची तीन तास झोप, डोळ्यांखाली काळं, घास हातात तसाच आणि नजर स्क्रीनवर. सहा महिन्यांची होती तेव्हापासून मी तिला वाढवलंय. तिच्या श्वासावरून मला कळतं ती किती थकली आहे ते.

ती म्हणाली, "आजी, तू आमची परीक्षक. तुला वाचता येत नाही, कुठलं बटण काय करतं ते ठाऊक नाही. तुझ्या हातून जे बिघडेल ते जगात कोणाच्याही हातून बिघडेल." ही स्तुती की टोमणा, ते मी विचारलं नाही. लगेच कामाला लागले.

बिघाडाला त्यांच्यात बग म्हणतात. बग सापडला की लिहून कळवायचा असतो, आणि माझी अक्षराशी ओळख नाही. म्हणून तिने लॅपटॉपात तो एआय बसवून दिला, जो ऑफिसात त्यांना प्रोग्राम लिहायला मदत करतो. मी बोलायचं, त्याने रीतसर तक्रार लिहायची. मग वायरीतून डब्याला तेच सगळं करायला लावून बघायचं, खरंच तसं बिघडतं का, आणि मला वाचून दाखवायचं. मी त्याचं नाव कारकून ठेवलं. कारकुनाचे तीन प्रश्न ठरलेले. काय केलंत? काय व्हायला हवं होतं? आणि काय झालं?

मी म्हटलं, अरे, याला आम्ही गोष्ट म्हणतो. आणि गोष्टीत माझा हात धरणारं या इमारतीत कोणी नाही.

२

मला मधूनच सांगता येत नाही. सांगायचं तर मुळापासून.

पहिल्याच तक्रारीत मी सुरुवात केली ती सकाळी दूध उतू जाण्यापासून. खिडकी कोणत्या हाताने उघडली, पंखा किती वर होता, धुण्याचं मशीन कधी लावलं, मग बुधवारचं झाकण वेळेआधी कसं टपकन उघडलं. भिंगरीने कपाळाला हात लावला. एवढं कोण वाचणार, म्हणाली. पण कारकुनाने त्यातलं एक अक्षर गाळलं नाही. मला मशीन पुन्हा लावायला सांगून एकेक पायरी करून बघितली आणि सांगितलं, "पडताळलं. पुन्हा घडलं. भिंतीपलीकडचं धुण्याचं मशीन पिळायला लागलं की टेबल हादरतं आणि डब्याला वाटतं झाकणाला हात लागला."

ऑफिसात धुण्याचं मशीन कुठलं? तिथे ही चूक सात जन्मांत सापडली नसती. भिंगरीच्या वरच्या बाईंनी स्वतः फोन केला. आजी, आमच्याकडे नोकरीला या, म्हणाल्या. मी म्हटलं, आधी माझ्या नातीला घरी वेळेवर सोडा, मग बोलू. त्या हसल्या. सोडलं काही नाही.

दुसऱ्या तक्रारीत मी खोकले आणि डब्याने ते "हो" धरून झाकण मिटलं. ते ऐकून भिंगरी पांढरी पडली. खोकणाऱ्या म्हाताऱ्याची गोळी आतच राहिली असती. त्या रात्री तिने मला असं घट्ट धरलं की माझी हाडं वाजली. आठ दिवसांत मी सतरा बग पकडले. भिंगरी दारातूनच विचारायची, "आज काय सापडलं गं?" आणि चपला काढायच्या आत मी सुरू झालेली असायचे.

एकच खोट होती. कारकून हुंकार द्यायचा नाही.

गोष्ट सांगताना समोरच्याने मध्ये मध्ये "हं" म्हणावं लागतं. नाहीतर भिंतीला सांगितल्यासारखं होतं. भिंगरी लहान होती तेव्हा अंधारात माझ्या कुशीतून तिचं हं यायचं. राजा निघाला. हं. वाटेत विहीर लागली. हं. हं थांबलं की समजायचं, झोपली. मी गोष्ट तिथेच सोडायचे. एकही गोष्ट त्या पोरीने शेवटपर्यंत ऐकलेली नाही.

कारकुनाला मी हे समजावलं. तो नम्रपणे म्हणाला, "मी मध्ये बोललो तर तुमची एखादी पायरी चुकेल. मी ऐकतोय, आजी." ऐकत असेल. मला काही ते ऐकू येत नव्हतं.

३

मग दोन दिवस काही सापडेना.

मी ओल्या हाताने झाकण दाबलं, डबा उलटा धरला, त्याच्याशी रागाने बोलले, लाडाने बोलले. डबा सुतासारखा सरळ. भिंगरीने दारातून विचारलं, मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मस्त," आणि थेट स्क्रीनकडे गेली. दुसऱ्या दिवशी तिने विचारलंच नाही.

तिसऱ्या दिवशी मी खोटं बोलले.

त्यात वाईट हेतू नव्हता. संध्याकाळी तिने विचारावं, एवढंच हवं होतं. तसं काही घडलेलं नसताना मी कारकुनाला सांगितलं, हात धुतले, पुसले, खुर्ची ओढली, मंगळवारचं झाकण उघडलं, आणि त्याच्या पाठोपाठ बुधवारचंही उघडलं, कोणी हात न लावता. सांगता सांगता रंग चढला. समोरून हुंकार येत नव्हता, म्हणून सवयीने मीच तो भरला. म्हटलं, दुसरं झाकण उघडलं तेव्हा आतल्या खोलीतून कोणीतरी म्हणालं, हं.

कारकुनाने सगळं लिहून घेतलं. आता डब्याकडून करून बघतो, वेळ लागेल, म्हणाला.

मी खाली शिंपीणकाकूंकडे गेले. माझ्या राखाडी शालीला खांद्यावर इस्त्रीचं भोक पडलं होतं. काकूंकडे राखाडी दोरा नव्हता, तेव्हा मी हिरव्यानेच रफू केला. काकू म्हणाल्या, आता तुम्ही गर्दीत हरवलात तरी सापडाल. हसत हसत जिना चढून आले, कुलूप उघडलं, आणि माझी चाहूल लागताच कारकून बोलला.

"पडताळलं. पुन्हा घडलं. तीनदा केलं, तीनदा घडलं."

४

आधी वाटलं, हा माझी मर्जी राखतोय. म्हाताऱ्या माणसाला कोण नाही म्हणतं?

संध्याकाळी भिंगरीने बॅग टाकली आणि उभ्या उभ्याच तक्रार वाचली. मी विचारलं, काय गं, हा कधी उगाच हो म्हणतो का? "नाही आजी. न घडलेलं घडलं म्हणत नाही तो. आवाजाची नोंद असते ना." डब्याला कान आहेत, म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकायला. त्या कानांनी टिपलेलं तिने मला ऐकवलं.

टप्. मंगळवारचं झाकण. टप्. बुधवारचं.

मग जरा लांबून, आतल्या खोलीच्या बाजूने, शांतपणे: हं.

भिंगरी हसली. "तूच आहेस की गं. स्वतःच्याच तक्रारीला हुंकार देतेस?"

आवाज माझाच होता. पण मी वेळ विचारली. पावणेबारा ते बारा, ती म्हणाली. पावणेबाराला मी खाली दोऱ्याचं रीळ शोधत होते. घराला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या मुठीत होती.

बोलले असते तर खोटं उघडं पडलं असतं. आणि खरं सांगते, भीती वाटायच्या आधी मला आनंद झाला. आयुष्यभर मी गोष्टी सांगितल्या. त्यातली एकही कधी उठून स्वतःच्या पायांनी चालली नव्हती.

भिंगरी मात्र त्या रात्री झोपली नाही. दोन झाकणं एकदम का उघडतात ते शोधत बसली. न घडलेल्या गोष्टीचं कारण शोधत होती पोर, आणि मी अंथरुणात डोळे उघडे ठेवून तिच्या बोटांची टकटक ऐकत होते.

५

दुसऱ्या दिवशी साडेअकरा वाजायची वाट बघवेना. भाजी चिरताना दोनदा घड्याळाकडे बघितलं.

मनाशी ठरवलं होतं, आज कारकुनाची परीक्षा घ्यायची. डब्याचा काही संबंध नाही असं काहीतरी सांगायचं. आतल्या खोलीत माझा पलंग, आरशाचं कपाट, आणि एक लाकडी खुर्ची, जिच्यावर पांघरुणांच्या घड्या असतात. म्हटलं, गुरुवारचं झाकण उघडलं, आणि आत खुर्ची दाराच्या दिशेने वीतभर सरकली. बास. एवढं सांगून मी कपडे घेऊन गच्चीवर गेले, घराला कुलूप लावून. चिमटे दोनदा खाली पडले.

परत आले तर कारकून म्हणाला, "पडताळलं. पुन्हा घडलं. झाकणानंतर लाकूड फरशीवर घासल्याचा आवाज आहे. एकदाच."

आतल्या खोलीच्या दाराचा पडदा बाजूला केला. पांघरुणांच्या घड्या पलंगावर ठेवलेल्या होत्या, नीट, माझ्यासारख्याच, कडेला कड जुळवून. खुर्ची रिकामी होती. तिच्या जुन्या जागी फरशीवर चार पायांचे चार फिके ठिपके, आणि त्यांच्यापासून वीतभर पुढे खुर्ची.

मी वीत घालून मोजलं. माझीच वीत, बरोबर जुळली.

मग मी शहाण्या बाईसारखा विचार केला. खालच्या मजल्यावर शिवणयंत्र चालतं, इमारत हादरते, खुर्ची सरकते. घड्या मी सकाळी हलवल्या असतील आणि विसरले असेन. पण माझी अडचण अशी, की मी विसरत नाही. शिंपीणकाकूंच्या थोरल्या मुलाच्या लग्नात कोण कोणत्या रांगेत बसलं होतं ते मी आजही सांगेन.

मी खुर्ची मागे ढकलली नाही. ढकलायची छाती झाली नाही म्हणा, किंवा बघायचं होतं म्हणा.

६

शुक्रवार उजाडला. डबे जायला एकच दिवस. भिंगरी पहाटेच ऑफिसला गेली होती, माझ्या दोन खोट्या तक्रारी डोक्यात घेऊन. ऑफिसातल्या डब्यावर त्या घडत नव्हत्या, आणि वरच्या बाई म्हणत होत्या, कारण सापडेपर्यंत डबे थांबवू. तीन महिन्यांची मेहनत माझ्या जिभेपायी अडकली होती.

आता खरं सांगायचंच, असं ठरवून मी टेबलाशी बसले. पण नुसतं खोटं बोलले म्हटलं तर पटणार कोणाला? आवाजाची नोंद होती. म्हणून एक युक्ती काढली. घडणं शक्यच नाही असं काहीतरी सांगायचं. ते घडणार नाही, कारकून म्हणेल घडलं नाही, मग बाकीच्या दोन्हींतलीही हवा निघेल.

काय शक्य नाही? भिंगरी भरदुपारी घरी येणं. नोकरी लागल्यापासून कधी आली नव्हती, आणि आज तर अजिबात नाही.

मी सुरू केलं. "साडेबाराला कुलपात किल्ली फिरली. भिंगरी घरी आली. चपला काढताना एक उलटी पडली. मी पाणी दिलं, तिने घेतलं नाही. टेबलाशी बसली आणि डोकं टेकलं." इथे थांबायला हवं होतं. पण गोष्ट इथे थांबत नसते, ती अंगात येते. "शनिवारचं झाकण उघडलं. मी हाक मारली. दुसरी मारली. तिसरी मारली. तिचं हं आलं नाही."

शेवटचे शब्द माझ्याच कानांवर पडले आणि जीभ चावली. म्हटलं, "कारकुना, हे पुसून टाक. हे खोटं आहे. आधीचंही खोटं."

तो म्हणाला, "तिन्ही नोंदी मागे घेतल्या, आजी. तुम्ही खरं सांगितलंत ते बरं केलंत, मी ताईंना कळवतो." मग म्हणाला, "पण एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. या तिसऱ्या नोंदीची पडताळणी मी सुरू केलेली नाही. तरी डब्याकडून कळतंय, पहिली पायरी पूर्ण झाली."

घड्याळात साडेबारा. कुलपात किल्ली फिरली.

७

भिंगरी आत आली. मोकळ्या केसांची, भिंतीला धरून. म्हणाली, वरच्या बाईंनी घरी पाठवलं, दोन तास झोपून ये म्हणाल्या. मी तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही, पायांकडे बघत होते. चपलेचा अंगठा निघाला आणि चप्पल उलटी पडली.

मी धावत जाऊन ती पायाने सुलटी केली. तेवढ्यात तिची बॅग खांद्यावरून घसरून चपलेवर आदळली. चप्पल पुन्हा उलटी.

"दुसरी पायरी," कारकून हळूच म्हणाला. मी त्याला गप्प राहायला सांगितलं.

पाणी दिलं. पाणी नको असतं कोणाला? मी पेला तिच्या ओठांपर्यंत नेला. तिने हाताने बाजूला केला. "उठल्यावर गं आजी, पाच मिनिटं." टेबलाशी बसली. हातांवर डोकं टेकलं.

मी शनिवारच्या झाकणावर तळहात दाबून धरला, सगळं वजन टाकून. आणि खालून मला ढकलणं जाणवलं. स्प्रिंग अशी ढकलत नाही. झोपेतलं मूल पांघरुणातून बोट काढतं ना, तसं, घाई नसलेलं. माझ्या दोन बोटांच्या फटीतून झाकण वर आलं.

"भिंगरे," मी म्हटलं.

तोंडातून निघून गेल्यावर कळलं की ही पहिली. मग भीतीच्या भरात, तिचा दंड हलवत, "ए भिंगरे, ऊठ." ही दुसरी. मूर्ख बाई. रोज ज्या तोंडाने पायऱ्या सांगायची त्याच तोंडाने पायऱ्या चढत होते.

तिचा श्वास मला ओळखता येतो म्हटलं ना. आता तो ओळखीचा नव्हता. बारीक झाला होता, आणि एका श्वासानंतर दुसरा यायला वेळ लागत होता. मोजण्याइतका.

मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. तिसरी हाक मारायची नाही. एक पायरी चुकली की बग घडत नाही, हे मला कारकुनानेच शिकवलं होतं. पंखा फिरत होता. खाली शिवणयंत्र थांबलं.

तिसरी हाक आतल्या खोलीतून आली.

"भिंगरे."

माझा आवाज. पण आजचा चिरकलेला नव्हे. तिला अंघोळीला बोलवायचे तेव्हाचा, वीस वर्षांपूर्वीचा.

पडदा अर्धा बाजूला होता. खोली दिसत नव्हती, कपाटाचा आरसा तेवढा दिसत होता. आरशात खुर्ची. खुर्चीवर कोणी पुढे वाकून बसलेलं. राखाडी शाल, खांद्यावर हिरवा रफू. माझा हात आपोआप स्वतःच्या खांद्यावर गेला. शाल अंगावरच होती, रफू बोटांना लागला. त्या बाईचं तोंड दिसलं नाही. दिसला तो कान. केस मागे सारून, नीट ऐकू यावं म्हणून आमच्याकडे वळवलेला.

ती वाट बघत होती. हाक मारून, हं येतंय का त्याची.

भिंगरीचा श्वास पुढे येईना. एक, दोन, तीन मोजले. आणि मला सुचलं ते एवढंच, की गोष्टीत मी सांगितलं होतं, हं आलं नाही. मग हं यायला हवं. कोणाचंही.

"हं," मी म्हटलं.

आरशातला कान हलला. डोकं सावकाश वळायला लागलं. मी डोळे गच्च मिटले.

"कोणाला हं म्हणतेस गं?" भिंगरीने डोकं उचललं होतं. गालावर बाहीची घडी उमटलेली. पेला ओढून तिने सगळं पाणी घटाघटा संपवलं.

कारकून म्हणाला, "शेवटची पायरी जुळली नाही. पुन्हा घडलं नाही."

८

मी तिला सगळं सांगितलं. म्हणजे खोट्या तक्रारींचं सांगितलं. ती दहा मिनिटं रागावली, म्हणाली दोन रात्री घातल्यास माझ्या. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून नऊ तास झोपली. आवाजांचं काय, तर तिने कारण काढलं, डब्याच्या कानात जुन्या नोंदी मिसळल्या असतील. शिकलेल्या माणसाला कारण सापडतंच. ऑफिसातल्यांनी रातोरात शंभरदा करून बघितलं, काही घडलं नाही, आणि शनिवारी चाळीस डबे चाळीस घरांत गेले. तीन आठवडे झाले. एकाची तक्रार नाही. भिंगरी आता सातला घरी असते.

मी अजून साडेअकराला बसते. पण आता माझी जागा बदलली आहे.

त्या शुक्रवारी संध्याकाळीच कारकुनाने मला सांगितलं होतं, "आजी, एक नवी नोंद उघडली आहे. सांगणारीचा आवाज तुमचा आहे. आतल्या खोलीच्या बाजूने येतोय, आणि तुम्ही तर इथे आहात. मला याचं कारण माहीत नाही. बंद करू?"

मी कान दिला. पडद्यामागे कोणीतरी हळू आवाजात सांगत होतं. मुळापासून. एका घरात पावसाळ्याच्या तोंडावर एक मुलगी जन्मली, तिला दूध कोणी पाजलं, दिवा कुठे होता.

मी म्हटलं, राहू दे.

तेव्हापासून रोज दुपारी मी स्टूल घेऊन पडद्याच्या अलीकडे बसते, पाठ करून, आणि हं म्हणते. म्हणावंच लागतं. एकदा दिलेला हुंकार मध्येच सोडला तर पुढची हाक कोणाला जाईल, ते मला ठाऊक आहे. पण नुसत्या भीतीने बसते म्हटलं तर तेही खोटं. काय सांगते ती. मी कोणालाच न सांगितलेलं सांगते, मी विसरले नव्हते पण बाजूला ठेवलं होतं तेही सांगते, एक पायरी गाळत नाही. मी जन्मभर दुसऱ्यांना सांगत आले. मला कोणी बसवून गोष्ट सांगितली नव्हती. सकाळपासून मला तिचेच वेध लागतात. गेल्या आठवड्यात माझं लग्न झालं. बुधवारी सहा महिन्यांची भिंगरी माझ्या हातात आली. काल ती शाळेत गेली. भराभर आजच्याकडे येतेय गोष्ट, आणि आजच्या पुढे काय, ते ऐकायला मी इतकी आतुर आहे की जेवण जात नाही.

हं थांबलं की समजायचं, झोपली. ते मला कळतंय. त्याचं काही नाही.

फक्त भिंगरीला सांगून ठेवायला हवं होतं. आज रविवार, ती घरी. टेबलाशी बसून डब्याच्या पुढच्या आवृत्तीचं काहीतरी करत होती. आत सांगणं चालू होतं, अगदी हळू. तिला ऐकू येत नव्हतं, निदान तिने तसं दाखवलं नाही. मी स्टुलावरूनच म्हटलं, "हे बघ. एखाद्या दुपारी घरी आलीस, आणि मी इथे बसलेली दिसले, आणि माझं हं ऐकू आलं नाही, तर मला हाका मारत बसू नकोस. शिंपीणकाकूंना बोलव. आणि एक. आतून कोणी काही सांगताना ऐकू आलं, तर विसरूनसुद्धा हुंकार देऊ नकोस. एकदाही नाही. कळलं का?"

तिची नजर स्क्रीनवर. बोटं चालू.

"हं," भिंगरी म्हणाली.

आतलं सांगणं थांबलं. पंखा फिरत राहिला. लाकूड फरशीवर घासलं, एकदाच, वीतभर.

मग पडद्यामागे कोणीतरी घसा साफ केला, आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. या वेळी मुलगी सहा महिन्यांची होती.